आकड्यांचा खेळ

नोव्हेंबर १९४१. युरोपात महायुद्ध भडकलेलं होतं, पर्ल हार्बरवरचा हल्ला दोन आठवड्यांवर आला होता, आणि अमेरिकेतल्या ‘लाइफ’ या नामांकित साप्ताहिकाने एका नटीच्या केसांचा सविस्तर पंचनामा छापला होता. नटीचं नाव व्हेरोनिका लेक. डोक्यावर केस सुमारे दीड लाख. लांबी पुढे १७ इंच, मागे २४ इंच. एकेका केसाची जाडी ०.००२४ इंच. मोजता मोजता मध्येच शिंक आली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करायची का, असा प्रश्न आपल्याकडच्या कुठल्याही तलाठ्याला पडला असता. अमेरिकी वाचकांना तो पडला नसावा. त्यांचं सगळं लक्ष त्या केसांच्या एका बटेकडे होतं. ती बट उजव्या डोळ्यावरून सरळ खाली उतरायची आणि वाटेत दोन-तीन डौलदार वळणं घ्यायची.

ही वळणं म्हणजेच त्या काळच्या ‘पिनअप’ सुंदरींचं भांडवल. पिनअप म्हणजे टाचणीने भिंतीवर लावायचं चित्र. बराकीतल्या, बोटीवरच्या, तंबूतल्या शिपायांनी ही चित्रं लाखोंनी लावली. ऑगस्ट १९४१च्या ‘लाइफ’मध्ये बॉब लँड्रीने टिपलेली रीटा हेवर्थ पलंगावर गुडघे टेकून बसली होती. १९४३ साली फ्रँक पोवोल्नीने काढलेल्या फोटोत बेटी ग्रेबल पाठमोरी उभी राहून मान वळवून हसत होती. तिचे सगळे कुरळे केस डोक्यावर रचलेले होते. शिपायांनी त्या फोटोंत नेमकं काय पाहिलं ते सुज्ञांस सांगणे न लगे. बायकांनी मात्र केस पाहिले, आणि त्यांना पडलेला पहिला प्रश्न होता: हे घरी कसं करायचं?

ऐंशी वर्षांनी तोच प्रश्न पुन्हा निघाला आहे. लास व्हेगसला दरवर्षी भरणाऱ्या ‘रॉकबिली’ संगीताच्या जत्रेत लाल लिपस्टिक, ठिपक्यांचे घेरदार झगे आणि डोक्यावर गुंडाळलेले केस घेऊन बायका हजारो मैलांवरून येतात. ज्यांना तिकडे जायचं नाही त्या घरच्या आरशासमोर बसतात. फरक एवढाच की या खेपेला नियमात एक कलम वाढलं आहे: केसांना आच लावायची नाही. विजेवर २०० अंशांच्या घरात तापणारा चिमटा रोज केसांवरून फिरवला की केसांचा झाडू व्हायला फार दिवस लागत नाहीत, हे एका पिढीने स्वखर्चाने सिद्ध केलं आहे. त्यामुळे ‘बिनआचेचे कुरळे केस’ हा सध्या घरोघरचा उद्योग झाला आहे. कोणी रात्री बाथरोबच्या पट्ट्याला केस गुंडाळून झोपतं, कोणी पायमोज्यांना. सकाळी नवऱ्याला एकच मोजा सापडतो.

वास्तविक आचेचा आणि केसांचा संबंध जुना, आणि तो कधीच फारसा प्रेमाचा नव्हता. पॅरिसमध्ये १८७२च्या सुमारास मार्सेल ग्रातो नावाच्या केशभूषाकाराने तापवलेल्या चिमट्याने केसांत लाटा पाडायची युक्ती काढली आणि तो मालामाल झाला. चिमटा किती तापलाय हे पाहायला तो आधी कागदावर दाबत असे. कागद करपला तर थांबायचं, नाही करपला तर डोकं पुढे करायचं. त्यानंतर आला कार्ल नेसलर हा जर्मन गृहस्थ. लंडनला ऑक्सफर्ड स्ट्रीटवर विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्याने कायमच्या लाटा पाडण्याचं यंत्र जाहीरपणे दाखवलं. छतावरून लोंबणाऱ्या साखळ्या, त्यांना जड पितळी नळ्या, त्या नळ्यांना गुंडाळलेले केस आणि खाली खुर्चीत एक बाई, असा तो सरंजाम होता. बाईने असं तासन्‌तास बसायचं. केसांना लावायच्या सुरुवातीच्या काढ्यात गाईचं मूत्र होतं असं सांगतात. आपल्याकडच्या गोमूत्रप्रेमींच्या हे अजून कानावर गेलेलं दिसत नाही, नाहीतर कायमच्या कुरळ्या केसांचं श्रेय केव्हाच गोठ्याकडे वळतं झालं असतं. प्रयोगासाठी नेसलरने स्वतःच्या बायकोचं डोकं वापरलं. पहिल्या एक-दोन खेपांना केस जळाले आणि टाळूही भाजली. बाई तरीही पुढच्या खेपेला बसली. एवढी सहनशक्ती ज्या संसारात होती, तिथे यंत्र यशस्वी होणारच होतं.

सामान्य बाईकडे ना छताला साखळ्या होत्या, ना तेवढे पैसे. तिने वेगळा रस्ता धरला, आणि त्यामागचं शास्त्र पक्कं होतं. केस हे केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात. त्यातल्या साखळ्या एकमेकींना अनेक बंधांनी धरून ठेवतात. त्यांतले हायड्रोजन बंध सगळ्यात लवकर रुसणारे. पाणी लागलं की ते सुटतात. मग ओला केस ज्या आकारात ठेवाल त्याच आकारात वाळताना बंध पुन्हा जुळतात आणि आकार पक्का होतो. चिमटाही हेच काम करतो, फक्त घाईने आणि दांडगाईने. बिनआचेच्या पद्धतीत घाई वजा होते. बाकी सगळं तेच, आणि खर्च होते ती फक्त एक रात्र.

कुठल्याही मराठी घरात हे शास्त्र अगोदरच सिद्ध झालेलं आहे. रविवारी न्हाऊन आलेल्या मुलीच्या ओल्या केसांच्या आई दोन घट्ट वेण्या घालायची, त्या लाल रिबिनीने वर दुमडायची, आणि सोमवारी संध्याकाळी त्या सोडल्या की पोरीच्या डोक्यावर व्हेरोनिका लेकलाही हेवा वाटावा अशा लाटा असायच्या. त्या पाहून आई म्हणायची, “काय हा अवतार! आण तो कंगवा.” आणि तेल चोपडून पुन्हा वेणी. हॉलिवूडच्या स्टुडिओत पगारी माणसं ठेवून जे साधायचे, ते आपल्याकडे रोज संध्याकाळी कंगव्याने विंचरून टाकलं जात होतं.

पिनअपच्या वळणांसाठी मात्र वेणी पुरत नाही. तिथे लागते ती पिन-कर्ल. केस दमट हवेत. ओलेचिंब नकोत आणि कोरडेही नकोत. इंचभर रुंदीची बट घ्यायची, बारीक दातांच्या कंगव्याने सरळ करायची, शेंड्याकडून गुंडाळत टाळूपर्यंत यायचं आणि तयार झालेली चकली डोक्याला सपाट चिकटवून दोन पिना फुलीसारख्या मारायच्या. शेंडा आतच राहिला पाहिजे. तो बाहेर निसटला की सकाळी त्या बटेला टोकाशी माशाच्या गळासारखा आकडा येतो, आणि तो कशानेही जात नाही. एका ओळीतल्या सगळ्या चकल्या एकाच दिशेने वळवायच्या, खालची ओळ उलट दिशेने. लाट पडते ती या उलटसुलट दिशांमुळे. डोक्याच्या मागच्या बाजूला हात पोचतो, डोळा पोचत नाही. तिथे दिशा हमखास चुकते. मग सकाळी पुढून हॉलिवूड आणि मागून वादळानंतरची नारळाची बाग.

या कामात चिकाटीचा विक्रम एका आईच्या नावावर आहे. १९३०च्या दशकातली बालतारका शर्ली टेंपल हिच्या केसांचे कुरळे झुपके जगभर गाजले. ते तिची आई गर्ट्रूड स्वतः पिना लावून घालायची, आणि दर खेपेला बरोबर ५६. पंचावन्न नाहीत, सत्तावन्न नाहीत. पोर जगातली सगळ्यात लोकप्रिय नटी होती, पण डोकं आईच्याच ताब्यात होतं.

आकार टिकायचा तर केसांना खळ लागते. तिचं बाजारातलं नाव सेटिंग लोशन. घरगुती पर्याय पुष्कळ होते. अमेरिकेत बायका उतरलेली बिअर लावत. कोणी साखरेचं पाणी लावत. मुंबई-पुण्यात साखरेच्या पाण्याचा प्रयोग करणाऱ्यांनी रात्री पलंगाच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवाव्यात; मुंग्यांना केशभूषेतलं काही कळत नाही, पण साखरेतलं कळतं. सगळ्यात भरवशाचा पर्याय जवसाचा. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात मंद आचेवर ढवळत ठेवायचा, अंड्याच्या पांढऱ्यासारखी तार आली की लगेच सुती फडक्यातून गाळायचा. थंड होऊ दिला तर तो गाळला जात नाही, फडकं, चाळणी आणि जवस एकजीव होतात. (आच चालते ती जवसाला, केसांना नाही.) स्वयंपाकघरात हे चाललेलं असताना सासूबाई डोकावतात.

“चटणी पातळ झाली ग.”

“चटणी नाही आई, केसांना लावायचंय.”

“केसांना? मग मीठ घालू नकोस.”

एवढ्यावर विषय संपतो. फ्रीजमधल्या त्या बरणीवर चिठ्ठी चिकटवायला मात्र विसरू नये, कारण घरात कोणीतरी ते भाकरीबरोबर खाऊन बघतंच.

डोक्यात पिना खोचून झोपणं ही स्वतंत्र विद्या आहे. कुशीवर झोपलं की एक बाजू टोचते, उताणं झोपलं की मागची रांग टोचते, पालथं झोपलं तर श्वास कोंडतो. वरून जाळी किंवा रेशमी रुमाल बांधायचा, म्हणजे चकल्या हलत नाहीत. बाई रात्री आरशात पाहते तेव्हा तिला ती स्वतःच ओळखू येत नाही, आणि दाराची बेल नेमकी तेव्हाच वाजते. पिनअपच्या फोटोंत पिना कधीच दिसत नाहीत, पण त्या एका फोटोमागे अशा किती रात्री गेल्या असतील! त्या काळी पार्लरमध्ये डोक्यावर टोपासारखं वाळवण्याचं यंत्र असे, आणि नट्यांची सोय स्टुडिओत होई. घरच्या बाईची सोय म्हणजे रात्र, आणि ती फुकट होती.

खरी परीक्षा सकाळी. केस पूर्ण वाळल्याशिवाय एकही पिन काढायची नाही. आतून जरा दमट राहिलं तरी सगळं मुसळ केरात. पिना काढल्या की डोक्यावर कुरळ्या पुंगळ्या लटकतात, आणि समोर बसलेली असते ती शाळेच्या गॅदरिंगमधली जॉर्ज वॉशिंग्टन. नवशिक्या इथेच रडकुंडीला येतात आणि डोकं नळाखाली धरतात. ज्यांना ठाऊक आहे त्या ब्रश उचलतात. डुकराच्या केसांचा दाट ब्रश आणि निर्दय हात. सगळं विंचरून टाकायचं, केस फुगून पिंजारतात, तरी विंचरत राहायचं. मग एका क्षणी फुगलेला तो पसारा एकदम शहाणा होतो आणि बटा एकमेकींच्या खोबणीत जाऊन बसतात. थोडं पोमेड तळहातावर चोळून लाटांवरून फिरवलं की १९४४ साल अवतरतं. ब्रश मारायला जिने भीड धरली, तिच्या डोक्यावर मात्र दिवसभर वॉशिंग्टन.

व्हिक्टरी रोल ही पुढची इयत्ता. कपाळाच्या दोन्ही बाजूंना केसांच्या पोकळ नळ्या उभ्या करायच्या. बटेला मुळाशी उलटा कंगवा मारून फुगवायचं, वरचा थर गुळगुळीत करायचा, शेंड्यापासून दोन बोटांभोवती गुंडाळत आणायचं आणि आतल्या बाजूने पिना मारायच्या. उजवी नळी उत्तम जमते. डावी कधीच तशी जमत नाही. अनुभवी बायका म्हणून अवघड बाजू आधी करतात आणि सोपी बाजू तिच्या पातळीवर आणतात.

केस पातळ असतील तर नळी बसते. त्यावर उपाय म्हणून आत भरणी घालायची. या भरणीला अमेरिकेत ‘रॅट’ म्हणत, कारण ती दिसायलाच उंदरासारखी. ती बनायची स्वतःच्याच गळलेल्या केसांची. इंग्लंड-अमेरिकेत जुन्या काळी शृंगाराच्या टेबलावर झाकणाला भोक असलेली चिनी मातीची डबी असे. कंगव्यात आलेला केस त्या भोकातून आत सारायचा. ही डबी आज अँटिक म्हणून विकली जाते. आपल्याकडे तेच गुंतवळ वर्तमानपत्राच्या पुडीत खिडकीच्या कोपऱ्यात साठतं आणि त्यावर भांडी किंवा फुगे देणारा फेरीवाला आला की बाहेर येतं. घासाघीस अशी होते की सोनार लाजेल. गंगावन लावून अंबाडा भरदार करणाऱ्या आज्यांना व्हिक्टरी रोलची भरणी दाखवली असती, तर त्यांनी लगेच केसांचा दर विचारला असता.

कपाळाचाही प्रश्न मोठा गमतीचा. रीटा हेवर्थ मूळची मार्गारीटा कान्सिनो. तिचं कपाळ स्टुडिओला अरुंद वाटलं, म्हणून विजेच्या सुईने केसांची रेघ मागे हटवली. उलट १९५०च्या दशकातली पिनअप राणी बेटी पेज हिचं कपाळ रुंद, त्यावर उजेड चमकायचा, म्हणून जेरी टिब्स या छायाचित्रकाराने तिला पुढे केस कापायला सुचवलं. टिब्स हा पेशाने न्यूयॉर्कचा पोलीस होता. इकडे मुंबईत १९६०च्या ‘लव्ह इन सिमला’साठी दिग्दर्शक आर. के. नय्यर यांना साधनाचं कपाळ रुंद वाटलं, आणि ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर झुलपं कापली गेली. साधना कट! त्या काळी वर्गातल्या अर्ध्या मुलींच्या भुवया दिसेनाशा झाल्या. म्हणजे कपाळ अरुंद असलं तर रुंद करायचं, रुंद असलं तर झाकायचं. कपाळ बरोबर आहे असं कुठल्याही कॅमेऱ्याला कधी वाटल्याचं दिसत नाही. बेटी पेजची गोलसर झुलपं घरी करायची तर तेही बिनआचेचंच काम आहे. ओलसर पुढचे केस एका जाड फोम रोलरवर आतल्या बाजूने गुंडाळायचे आणि नाश्ता होईपर्यंत तसेच ठेवायचे. पोहे खाताना घरातली मुलं टक लावून बघतात, एवढीच अडचण.

महायुद्धाने या सगळ्याला वेगळंच वळण दिलं. पुरुष आघाडीवर गेले आणि बायका कारखान्यांत आल्या. पोलाद रणगाड्यांकडे वळलं, त्यामुळे केसांच्या साध्या पिनाही जपून, मोजून वापरायची वेळ आली. त्यात व्हेरोनिका लेकची ती प्रसिद्ध बट यंत्रावर वाकणाऱ्या तरुण मुलींच्या डोळ्यांवर येऊ लागली आणि फिरत्या यंत्रात अडकू लागली. अखेर सरकारनेच व्हेरोनिकाबाईंना विनंती केली. १९४३ सालच्या एका प्रचारपटात तिने ड्रिल यंत्रात अडकलेली बट दाखवली आणि मग केस वर बांधून दाखवले. एका बटेपायी सरकारने कॅमेरे लावावेत, असं भाग्य कुठल्या केसाला लाभलं असेल! केसांची मोजणी छापून आली त्याला तेव्हा पुरती दोन वर्षंही झाली नव्हती.

कारखान्यातल्या बायका मात्र मोठ्या चतुर. सुरक्षेसाठी रुमाल बांधायला सांगितला ना, मग रुमालाखाली पिन-कर्ल लावूनच कामाला यायचं. दिवसभर खाली विमानाचे सुटे भाग आणि वर वाळत घातलेले केस. संध्याकाळी पिना काढल्या, ब्रश मारला की थेट नाचाला. त्याच १९४३ सालचं, जे. हॉवर्ड मिलरने वेस्टिंगहाउस कंपनीसाठी रंगवलेलं, दंड फुगवून दाखवणाऱ्या कामगार बाईचं भित्तिचित्र आज सगळ्यांच्या ओळखीचं आहे. तेव्हा ते कंपनीच्या कारखान्यांत जेमतेम दोन आठवडे लागलं होतं. त्याला जगभर प्रसिद्धी मिळाली ती १९८०च्या दशकात. त्या बाईच्या लाल ठिपक्यांच्या रुमालातून पुढे केसांची एक वळणदार गुंडाळी डोकावते. तिच्या दंडावर पुष्कळ लिहून झालं आहे, त्या गुंडाळीवर कोणी काही लिहिलेलं दिसत नाही.

हा रुमाल मुंबईकर पिनअपप्रेमींनी अवश्य घ्यावा. कारण ज्या हायड्रोजन बंधांनी रात्रभर लाटा जुळवल्या, तेच हवेतल्या बाष्पाने सुटतात, आणि जुलैत दादरच्या पुलावर बाष्पाखेरीज दुसरं काहीच नसतं. घरून निघताना रीटा हेवर्थ, माटुंग्याला बेटी पेज, परळला तीच ती नेहमीची. कोकणात याहून कठीण. तिथे ब्रश खाली ठेवेपर्यंतसुद्धा दम निघत नाही. सोलापूर, छत्रपती संभाजीनगर, नागपूरच्या बायकांना उन्हाळ्यात मात्र फावतं. हवा इतकी कोरडी की चकल्या दोन तासांत वाळतात आणि लाटा संध्याकाळपर्यंत ढळत नाहीत. ढळते ती फक्त लिपस्टिक. उरलेल्यांनी पावसाळ्यात पिन-कर्ल घालाव्यात, वर ठिपक्यांचा रुमाल घट्ट बांधावा आणि तो सोडूच नये. कोणी विचारलंच, तर कारखान्याची पाळी अजून सुटायची आहे म्हणून सांगावं.